दोन करडी पिल्लं

इंदूरच्या पलासियाहून गाडी निघाल्यापासून शर्वरी एक शब्द बोलली नव्हती. अरुंधतीनं दोनदा प्रयत्न करून पाहिला. एकदा तिच्या कुत्र्यांच्या ट्रेनिंग क्लासचं विचारलं, एकदा वाटेत तळलेले गराडू खायला थांबायचं का म्हणून विचारलं. दोन्ही वेळा "नको ना, आत्या" एवढंच उत्तर आलं. सांवेर रोडच्या दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडत आला होता आणि समोरच्या ट्रॉलीतून भुसा उडून काचेवर येत होता.

महिना झाला, भाची तिच्याकडे राहत होती. अरुंधतीनं तिला खोली दिली, किल्ली दिली, सकाळी दोघींचा चहा एकत्र होऊ लागला. पण मनातून ती तिच्याकडे सारखी निरखून बघत होती. ही खरं बोलतेय का? फोन आला की ही उठून बाल्कनीत का जाते? जनावरांच्या डॉक्टरला न बोलणाऱ्या पेशंटकडे बघायची सवय असते, तशीच ती शर्वरीकडे बघत राहायची आणि मग स्वतःचीच तिला लाज वाटायची.

कारण साधं होतं. पंचेचाळीस दिवसांपूर्वी क्वीनी व्याली. क्वीनी म्हणजे देवेंद्रची, अरुंधतीच्या थोरल्या भावाची, शोमधली सगळ्यात नावाजलेली जर्मन शेफर्ड मादी. काळी-तांबडी, मागे उतरत गेलेल्या पाठीची. तिला नागपूरच्या झोरोकडे नेलं होतं. तोही तसाच काळा-तांबडा, तसाच चॅम्पियन. पिल्लं सात झाली. पाच काळी-तांबडी आणि दोन करडी, लांडग्याच्या रंगाची.

काळ्या-तांबड्या आईला काळ्या-तांबड्या बापापासून करडं पिल्लू होत नाही. हा रंग दडून राहत नाही. आईबापांपैकी एकाच्या तरी अंगावर तो दिसावाच लागतो. आणि देवेंद्रच्या साऱ्या फार्मवर करडा कुत्रा एकच होता. नानांचा दारोगा.

नाना, म्हणजे वासुदेव निफाडकर, सव्वीस वर्षं पोलिसांच्या श्वानपथकात होते. निवृत्त होताना पथकातली एक म्हातारी मादी त्यांनी घरी आणली आणि तिचाच वंश ते राखत आले. सरळ पाठीचे, करडे, कामाचे कुत्रे. कागदपत्रं कशाचीच नव्हती. देवेंद्रनं अठरा वर्षांपूर्वी शोच्या रिंगणात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हापासून बाप-लेकांत या गोष्टीवरून जुंपलेली होती. नाना म्हणत, ही तुझी कुत्री फोटोसाठी उभी राहतात, भिंतीवरून उडी मारायची वेळ आली तर मागचे पाय शोधत बसतील. देवेंद्र म्हणे, तुमच्या कुत्र्याला दारात कोण उभं करेल, नाना, त्याला बघून पोस्टमन येईनासा झालाय. पुढे भांडणही थांबलं. फार्मच्या मधोमध तारेची जाळी लागली. पुढे देवेंद्रचं घर आणि केनल, मागे नानांच्या दोन खोल्या आणि दारोगा.

नोव्हेंबरात देवेंद्र क्वीनीला घेऊन नागपूरला गेला, शुक्रवारी रात्री परत आला. शनिवार-रविवार तो आणि सुनंदावहिनी देवासला लग्नाला गेले, तेव्हा फार्मवर त्यांची मुलगी शर्वरी होती. रोज सकाळी नानांबरोबर दारोगाला ट्रेनिंग देणारी, कामाच्या कुत्र्यांची बाजू घेऊन बापाशी वाद घालणारी शर्वरी. संशय आणखी कुणावर जाणार? पिल्लं तीन दिवसांची असताना देवेंद्रनं तिला आईसमोर विचारलं होतं, जाळीचं दार तू उघडलंस का. ती नाही म्हणाली. देवेंद्र नुसता "बरं" म्हणाला. त्या "बरं"नंतर पंधरा दिवसांनी तिनं बॅग भरली आणि ती आत्याकडे आली.

आज सुनंदावहिनीनं सगळ्यांना बोलावलं होतं. पिल्लांना ओळखीची चिप बसवायची होती, ते काम अरुंधतीचं. पण वहिनी फोनवर म्हणाली होती, "चिपचं निमित्त आहे गं. आज एकदाचा काय तो फैसला करून टाकू, बस."

ओसरीवर नाना आधीच येऊन बसले होते. खुर्चीच्या कडेला, पाहुण्यासारखे. वयाची ऐंशी जवळ आली होती आणि दूरचं आता धड दिसत नव्हतं, तरी शर्वरीची चाहूल लागताच त्यांनी मान वळवली. शर्वरीनं पाया पडल्यासारखं केलं आणि ती आईशी न बोलता पिल्लांकडे गेली.

सुनंदानं चहा दिला आणि वेळ न घालवता बोलायला लागली. आवाज चढवला नाही, ती कधीच चढवत नसे. केनलचं सगळं तीच बघायची. फोन, गिऱ्हाईक, कुणाला कोणतं पिल्लू, सगळं. तिचं म्हणणं असं की झालं ते झालं, कुणी केलं हे आता ती विचारणार नाही. पण जाळी असून हे होत असेल तर उद्या पुन्हा होईल. म्हणून दारोगाला तिच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे पाठवायचं. माणूस चांगला आहे, जागा मोठी आहे. आणि नानांनी या वयात मागच्या खोल्यांत एकट्यानं राहण्यापेक्षा शहरात बडा गणपतीजवळच्या तिच्या माहेरच्या घरी राहायला जावं, तिथे शेजार आहे, मंदिर आहे, डॉक्टर जवळ आहेत.

"तुम्हाला त्रास म्हणून नाही नाना, सोय म्हणून सांगतेय मी," ती म्हणाली.

नाना काही बोलले नाहीत. त्यांनी देवेंद्रकडे पाहिलं. देवेंद्र खाली बघून बशीतला चहा हलवत होता.

अरुंधतीला ते खटकलं. नाना इतके गप्प? दारोगाला कुणी नुसता दगड मारल्याचं कळलं तरी हा माणूस रस्त्यापर्यंत चालत जायचा. आज त्याला घालवून द्यायची भाषा चालली आहे आणि हे गप्प. म्हणजे दार नानांनीच उघडलं होतं की काय? आपल्या कुत्र्याचा वंश पुढे चालावा म्हणून, शेवटचा एक डाव? आणि शर्वरीला ते माहीत असून ती आजोबांना पाठीशी घालतेय? हे तिला आजवर कसं सुचलं नाही, याचंच तिला आश्चर्य वाटलं. ती उठली आणि चिपांची पेटी घेऊन पिल्लांकडे गेली.

शर्वरी एकेक पिल्लू धरून देत होती. दोन खांद्यांच्या मधे सुई, मग स्कॅनर फिरवून नंबर बघायचा, मग फॉर्मवर लिहायचा. फॉर्म देवेंद्रनं आधीच भरून ठेवला होता. आई, क्वीनी. बाप, झोरो. खाली झोरोच्या मालकाचं नाव, फोन नंबर आणि सहीची मोकळी जागा. सही कुरियरनं यायची आहे, असं देवेंद्र म्हणाला होता.

तिसरं पिल्लू झाल्यावर अरुंधतीच्या कोपराचा धक्का लागून स्टीलचा ट्रे फरशीवर पडला. मोठा आवाज झाला. सातही पिल्लं दचकून मागे झाली. आणि लगेच, जणू ठरवल्यासारखी, सातही पुढे आली आणि ट्रे हुंगायला लागली. एक काळं-तांबडं तर ट्रेमध्ये चढूनच बसलं.

अरुंधती तशीच बसून राहिली. याच केनलवर झालेल्या झोरोच्या आधीच्या दोन वेतांतली पिल्लं तिनंच तपासली होती. ताटली पडली तरी ती पिल्लं खाटेखाली जायची आणि अर्धा अर्धा तास बाहेर यायची नाहीत. तिनं ट्रेमधलं पिल्लू उचललं, मागचे पाय चाचपले, खाली उभं केलं. पाठ सरळ होती. दुसरं घेतलं. तेही तसंच. शनिवारी-रविवारी कुणी चोरून दारोगाला आत सोडलं असतं तर एका वेतात दोन बापांची पिल्लं आली असती. दोन करडी दारोगाची आणि निदान काही झोरोची. करड्या बापाचीही काही पिल्लं काळी-तांबडी निघतात, आणि इथे तर साती भावंडं एकाच घडणीची होती.

मग झोरोची कुठे गेली?

"काय झालं, आत्या?" शर्वरीनं विचारलं.

"काही नाही. एक फोन करून येते."

ती गाडीपाशी गेली आणि फॉर्मवरचा नंबर लावला. नागपूरचे विष्णू देशकर बोलायला मोकळे होते. अरुंधतीनं सहीचं विचारलं. ते क्षणभर गोंधळले आणि म्हणाले, "कसली सही, मॅडम? देवेंद्रजी तर आलेच नाहीत. गुरुवारी सकाळी निघालो म्हणून फोन होता त्यांचा, दुपारी म्हणाले गाडी बिघडली, कॅन्सल करतो. नंतर काही बोलणंच नाही झालं."

अरुंधतीनं आभार मानून फोन ठेवला. गुरुवार. क्वीनीच्या रक्ताची तपासणी तिच्याच क्लिनिकमध्ये झाली होती आणि जोडीसाठी नेमका दिवस गुरुवार, हे तिनं एकाच माणसाला कळवलं होतं.

देवेंद्र केनलच्या मागे खाण्याच्या पिंपापाशी उभा होता. तिला येताना पाहून त्यानं झाकण लावलं.

"दादा, विष्णूजींशी बोलले मी आत्ता."

तो पिंपावर हात ठेवून उभा राहिला. पन्नाशी उलटलेला, शोमध्ये ब्लेझर घालून ताठ चालणारा तिचा भाऊ तिला एकदम थकलेला दिसला.

"सोनीला तुझ्या टेबलावर मीच उचलून ठेवलं होतं, अरू," तो म्हणाला. "चौदा महिन्यांचं जनावर. उठता येत नव्हतं. तू एक्स-रे लाईटसमोर धरलास आणि काही बोलली नाहीस, तेव्हाच मला कळलं होतं. झोरोचीच पोर ती. परत त्याच कुत्र्याकडे निघालो होतो मी. आष्ट्यापर्यंत गेलो. पुढे जाववेना."

बाकीचं त्यानं तुटक तुटक सांगितलं. गुरुवारी सुनंदा नानांना घेऊन बडा गणपतीला माहेरी गेली होती, शर्वरी क्लासला होती, हे त्याला माहीत होतं. तो दुपारी मागच्या वाटेनं गाडी आत घेऊन आला. दारोगा त्याच्यावर भुंकला नाही. काम झाल्यावर तो उज्जैनला जाऊन एका लॉजमध्ये दीड दिवस राहिला, क्वीनीसकट. करडी पिल्लं होऊ शकतात हे त्याला कळत होतं. झालीच तर पहाटे उचलून कुणाला तरी देऊन टाकू असा त्याचा विचार होता. पण क्वीनी व्याली तेव्हा सुनंदा शेजारी बसली होती. तिनं सातांचे फोटो काढले आणि विचारलं, हे कसं झालं.

"आणि तू शर्वरीचं नाव घेतलंस."

"सुनंदानंच घेतलं. मी नाही म्हटलं नाही, एवढंच."

"एवढंच?"

"मला नानांना सांगता आलं असतं का, तूच सांग. अठरा वर्षं त्या माणसाला खोटं पाडत आलो. आणि मग चोरासारखा त्यांच्याच कुत्र्याकडे गेलो."

अरुंधती म्हणाली की आज सांग, नाही तर मी सांगते. देवेंद्रनं मान वर केली. "मग सोनीचंही निघेल. किडनी जाऊन मेली असं आपणच सांगितलं होतं घरी. एक्स-रे तुझ्याकडे आहे."

तो विनवत होता की धमकावत होता, हे तिला त्या घटकेला कळलं नाही, आणि सख्ख्या भावाच्या बाबतीत असा प्रश्न आपल्याला पडावा याचं तिला फार वाईट वाटलं. सोनीला शर्वरीनं वाढवलं होतं. बाटलीनं दूध पाजून. झोरोचं दुसरं वेत तेव्हा नुकतंच लोकांच्या घरी गेलं होतं, बोभाटा झाला असता, म्हणून देवेंद्रनं हात जोडले आणि अरुंधती गप्प राहिली. महिनाभर ती ज्या मुलीचं खरं-खोटं जोखत बसली होती, तिच्याशी आधी खोटं बोलली होती ती स्वतः.

ती ओसरीवर परत आली तेव्हा सुनंदा शेतकऱ्याचा फोन लावत होती. अरुंधतीनं तिला थांबवलं. शर्वरीला हाक मारली. आणि देवेंद्र पायरीवर पोचायच्या आतच तिनं स्वतःचं सांगून टाकलं. सोनीची किडनी ठीक होती. तिचे दोन्ही खुबे जन्मापासून बिघडलेले होते, आणि ते झोरोच्या रक्तातून आलं असावं असं तिला डॉक्टर म्हणून तेव्हाच वाटलं होतं. तिनं ते लपवलं.

शर्वरीनं हातातलं पिल्लू खाली ठेवलं.

मग देवेंद्र बोलला. उभ्यानंच बोलला, कुणाकडे न बघता. दार मी उघडलं, नागपूरला मी गेलोच नाही, साती पिल्लं दारोगाची आहेत. तीन वाक्यांत संपलं.

सुनंदानं फोन मांडीवर पालथा ठेवला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "मी रोज रात्री तुमच्याजवळ बोलत होते," ती म्हणाली. "माझी मुलगी खोटं बोलायला कधीपासून शिकली, म्हणून रडत होते. तुम्ही ऐकून घेत होता."

देवेंद्र नानांकडे वळला, बहुधा आता तिकडून काय येतंय ते झेलायला. पण नाना शांत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि ते सगळ्यांत आधी शर्वरीच्या ध्यानात आलं.

"आजोबा, तुम्हाला माहीत होतं?"

"त्या गुरुवारी संध्याकाळी परत आलो तर दारोगा जेवेना. मागच्या फाटकाशी नाक लावून उभा. मातीत गाडीची चाकं उमटलेली. सव्वीस वर्षं मी हेच वाचत आलो, बेटा. कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"माझा मुलगा एवढ्या वर्षांनी माझ्या कुत्र्याकडे आला होता. वाटलं, त्याला स्वतःहून सांगू दे. आज नाही तर उद्या सांगेल. मी बोललो असतो तर त्यानं सगळं नाकारलं असतं."

"आणि मी?" शर्वरी म्हणाली. "मी कुठे होते तुमच्या सगळ्यांच्या हिशेबात?"

ती रडली नाही. वडिलांकडे वळून ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून विचारलं होतं, बाबा. खरं माहीत असून. ते कसं केलंत तेवढं मला सांगा कधी तरी. बाकी काही नको." मग अरुंधतीकडे पाहिलं. "तू पण माझ्यावर शक करत होतीस ना आत्या?"

"हो," अरुंधती म्हणाली.

"कळत होतं मला. चहा पिताना तू माझ्याकडे बघायचीस."

तिनं खुर्चीवरची पर्स घेतली आणि फाटकाकडे चालायला लागली. अरुंधती गाडीची किल्ली घेऊन उठली, तर तिनं मागे न बघताच हातानं नको म्हटलं. इंदूरची बस वीस-पंचवीस मिनिटांनी असायचीच.

ओसरीवर मग सुनंदाच बोलली. ज्यांना ज्यांना पिल्लांचा शब्द दिलाय त्या सगळ्यांना ती उद्या फोन करणार होती. झोरोचं नाव लागणार नाही आणि कागदही मिळणार नाहीत; हवं त्यांनी घ्यावं, नको त्यांनी सोडावं. झोरोची आधीची पिल्लं ज्यांच्याकडे गेली त्यांनाही ती खरं सांगणार होती. हे ती देवेंद्रला विचारत नव्हती. आणि दारोगा कुठेही जाणार नाही, हे तिनं नानांच्या समोर जाऊन, खाली वाकून सांगितलं. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण त्यांचं लक्ष फाटकाकडे होतं.

देवेंद्र अजून पायरीवरच होता. एकदम तो खाली उतरला आणि चालू लागला. चपला होत्या पायात, शर्टाची बाही खाण्याच्या पिठानं माखलेली होती. गाडी अंगणातच उभी होती, तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. गव्हाच्या कडेकडेनं तो रस्त्यापर्यंत गेला आणि शर्वरीपासून पाच-सहा हातांवर जाऊन उभा राहिला. ती त्याच्याकडे पाठ करून उभी होती. तो बोलत असावा. अरुंधतीला फाटकातून त्याचा हात हलताना दिसला. मग हातही थांबला. दोघं नुसती उभी राहिली, एकाच बसची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसांसारखी.

बस आली. शर्वरी पुढच्या दारानं चढली. देवेंद्र दोन पावलं पुढे झाला, थांबला. कंडक्टरनं दारावर हात आपटला. बस हलता हलता देवेंद्रनं मागचा दांडा पकडला आणि तोही आत गेला.

नाना काठी टेकत अरुंधतीशेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांना रस्ता नुसता धुरकट दिसत असणार.

"चढला का तो?" त्यांनी विचारलं.

"चढला."

"तिच्या शेजारी बसला?"

अरुंधतीनं डोळे बारीक करून पाहिलं. धुरळा उठला होता आणि बस वळणावर पोचली होती.

"दिसलं नाही, नाना," ती म्हणाली.